लोखंड आणि दफ्तर

कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीच्या पठारावर येणारा, आणि तेथून नाशिक, मालेगाव, धुळे असा उत्तरेकडे निघून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता ज्यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर पाहिला, त्यांच्या आठवणीत लांब बॉनेटच्या, रुंद आसनांच्या आणि घाटातही दमाने चालणाऱ्या अमेरिकन मोटारींचे स्थान अढळ असते. शेव्हरोले, डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे त्या काळी पेढीवाल्यांच्या, बागाईतदारांच्या, वकील-डॉक्टरांच्या घरांत माणसांच्या नावांइतकी परिचित होती; आणि त्यांच्याच मागोमाग, लष्कराच्या छावण्यांतून मुलकी जगात उतरलेली विलीज जीप शेताच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचली. अमेरिकेची मोटार आपल्याकडे आली ती प्रामुख्याने या दोन रूपांत. तिचे तिसरे रूप, म्हणजे ज्या गाड्यांना जगभर ‘मसल कार’ म्हणून ओळखतात आणि ज्यांच्या खरेदी-विक्रीचा आज अमेरिकेत प्रचंड व्यापार चालतो, ते मात्र आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसले. तथापि या तिसऱ्या जातीच्या सौद्यांत जी शिस्त तेथील गिऱ्हाइकाने आणि जाणकाराने पन्नास वर्षांत घडवली, ती समजून घेतल्यावाचून नाशकातल्या एखाद्या जुन्या जीपचा किंवा डॉजचा व्यवहारही डोळसपणे करता येणार नाही, असे माझे मत आहे. कारण जुनी गाडी विकणारा वस्तुतः दोन गोष्टी विकत असतो, एक तिचे लोखंड आणि दुसरे तिचे दफ्तर, आणि या दोहोंचा मेळ ज्या प्रमाणात बसतो त्या प्रमाणातच तिची किंमत ठरते.

मसल कारचा काळ जेमतेम दहा वर्षांचा. मध्यम आकाराची, दोन दारांची, तरुण नोकरदाराला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि मोठ्या, महागड्या गाडीसाठी घडवलेले आठ सिलिंडरांचे इंजिन तिच्यात बसवायचे, एवढीच ती कल्पना. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. तो मोडल्याचे दिसू नये म्हणून पाँटियाक विभागाने, जॉन डिलोरियन या अभियंत्याच्या पुढाकाराने, १९६४ साली आपल्या ‘लमाँ’ गाडीवर ‘जीटीओ’ नावाचा एक जादा संच ठेवला आणि त्या संचातून ३८९ घनइंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन गिऱ्हाइकाच्या हाती दिले. आपल्याकडे त्याच सुमारास धावणारी फियाट अकराशे सुमारे चाळीस अश्वशक्तीची होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. मग फोर्डची मस्टँग, शेव्हरोलेची कमॅरो आणि शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची रोडरनर अशी स्पर्धा लागली आणि १९७० साली शेव्हेलच्या ४५४ घनइंची इंजिनाने ४५० अश्वशक्तीचा आकडा गाठला. तेथून उतरण सुरू झाली. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते वाढवले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आली, १९७१ पासून इंजिनांचा दाब उतरवावा लागला, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर पेट्रोलपंपांसमोर रांगा लागल्या. या गाड्या मग जुन्या बाजारात स्वस्तात पडून राहिल्या. आणि ज्यांना तारुण्यात त्या घेता आल्या नव्हत्या, ते हाती पैसा आल्यावर त्यांच्या शोधाला लागले, तेव्हा त्यांचे भाव वर चढू लागले.

भाव चढला की बनावट माल येतो, हा सर्व बाजारांचा अनुभव आहे. येथे बनावट करणे तर विशेष सोपे होते, कारण अस्सल शक्तिशाली गाडी आणि तिची साधी बहीण यांचा सांगाडा एकच असे. १९६४ आणि १९६५ सालची जीटीओ कागदोपत्री ‘लमाँ’च होती, तिच्या सांगाड्यावरच्या क्रमांकात जीटीओची खूण नाही, ती १९६६ पासून आली. म्हणून त्या दोन सालांतल्या गाडीबद्दल कारखान्याच्या विक्रीनोंदीचा उतारा मिळवल्याशिवाय जाणता गिऱ्हाईक पैशाला हात लावत नाही. शेव्हरोलेच्या त्या काळच्या क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरांचे की आठ एवढेच कळते. आठांपैकी कोणते, हे कळत नाही. तेव्हा खरे परीक्षण इंजिनाच्या ठोकळ्यावर सुरू होते. ठोकळ्याच्या पुढच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या सांध्याजवळ, यंत्राने घासून सपाट केलेली एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर गाडीच्या क्रमांकाचा अंश व इंजिनाची सांकेतिक अक्षरे ठोकलेली असतात. कारखान्यात तो पृष्ठभाग घासताना पडलेल्या बारीक समांतर रेषा त्या अक्षरांखाली दिसल्या पाहिजेत. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, तर ती कोणीतरी पुन्हा घासली आहे आणि अंक नव्याने ठोकले आहेत, असा संशय घ्यावा. दुसरी कसोटी तारखांची. ठोकळा ओतताना साच्यातूनच त्याच्यावर तारीख उमटते, आणि ती गाडीच्या जुळणीच्या तारखेच्या थोडी आधीचीच असली पाहिजे. मार्चमध्ये जुळलेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ठोकळा असेल, तर विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी ते इंजिन मूळचे नव्हे. काचांवर आणि गिअरबॉक्सवरही अशाच खुणा असतात, आणि पुष्कळदा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्याचा जुळणीकागद पन्नास वर्षांनी हाती लागतो आणि एका गाडीची किंमत एका दिवसात पालटून जाते.

कागदाचे हे माहात्म्य किती असावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली गडद हिरवी मस्टँग. ती १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने सुमारे सहा हजार डॉलरांना विकत घेतली आणि रोजच्या येण्याजाण्याला वापरली. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली; कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे तिचा लिलाव झाला तेव्हा हातोडा ३४ लाख डॉलरांवर पडला आणि लिलावदाराची अडत धरून रक्कम ३७ लाख ४० हजारांवर गेली. त्या वेळी ती गाडी चकचकीत केलेली नव्हती. रंग विटलेला, आसने झिजलेली, चित्रीकरणासाठी पाडलेली भोके जशीच्या तशी. सोबत मात्र ते पत्र होते, आणि क्रमांकांची अखंड साखळी होती. नव्या रंगाने जुनी गाडी महाग होते ही आपल्याकडची समजूत किती चुकीची आहे, हे यावरून दिसेल.

अशा गाड्या आपल्याकडे का आल्या नाहीत, याचे कारण आपल्या औद्योगिक धोरणात आहे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल होऊन ज्यांनी नोकरीच्या आरंभी नाशकात काम केले, त्या विश्वेश्वरय्यांनीच १९३० च्या दशकात मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना मांडली होती, ही गोष्ट नाशिककरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या योजनेचा पाठपुरावा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केला. क्रायस्लरशी करार होऊन १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लिमथ बाहेर पडू लागल्या. जनरल मोटर्स तर १९२८ पासूनच शिवडीला शेव्हरोलेची जुळणी करीत होती आणि फोर्डचेही काम मुंबईत चालू होते. परंतु १९५३ साली जकात आयोगाने, ज्यांना येथे सुटे भाग घडवायचे नाहीत त्यांनी केवळ जुळणी करू नये, अशी शिफारस केली आणि पुढल्या वर्षभरात या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढे शेव्हरोलेच्या इंपाला आल्या त्या वकिलातींच्या, चित्रपटसृष्टीच्या आणि मोठ्या उद्योगपतींच्या दारी. त्यातून जुन्या मोटारींच्या आयातीसाठी सरकारने दीर्घकाळ जी सीमारेषा ठेवली होती ती १ जानेवारी १९५० ची; तिच्या आधी घडलेली गाडी विंटेज म्हणून आणता येई, नंतरची नाही. मसल कारचा जन्मच १९६४ चा असल्याने त्या दारातून ती येण्याचा प्रश्नच नव्हता. आज डेट्रॉइटच्या परिसरात मोटार कारखान्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे ऑगस्ट महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर भरणारी जुन्या गाड्यांची मिरवणूक मुलाबाळांसह पाहतात आणि गावी आल्यावर तिचे वर्णन करतात. नाशकातल्या मोटारप्रेमी माणसाला त्या वर्णनावरच समाधान मानावे लागत आले आहे.

ज्या अमेरिकन गाड्या येथे राहिल्या, त्यांच्यावर आणखी एक संस्कार झाला, आणि तो मला मनापासून खटकतो. पेट्रोल महागल्यावर शेकडो मालकांनी मूळ सहा सिलिंडरांचे किंवा आठ सिलिंडरांचे इंजिन उतरवून त्या जागी पर्किन्सचे, पुढे मेटाडोरचे डिझेल इंजिन चढवले. त्या काळच्या हिशेबाने तो शहाणपणाच होता, आणि त्यामुळेच कित्येक गाड्या मोडीत जाण्यापासून वाचल्या, हेही मान्य केले पाहिजे. परंतु उतरवलेले इंजिन कोणी जपून ठेवले नाही; ते किलोच्या भावाने गेले. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली हटवला, तोवर अशा कित्येक ठोकळ्यांची अखेर तेथे झाली असेल. आज तोच मालक गाडी विकायला काढतो तेव्हा लोखंड आहे पण दफ्तराशी त्याचा मेळ नाही, अशी तिची अवस्था असते.

आता जीपकडे वळू, कारण नाशिकच्या बाजारात अमेरिकन वंशाची जी गाडी खरोखर विकली जाते ती हीच. देवळालीला ब्रिटिश काळापासून मोठी छावणी होती, पुढे काकुलचे तोफखाना विद्यालय तेथे आले, आणि लष्कराने निकालात काढलेली वाहने लिलावातून मुलकी लोकांच्या हाती जाऊ लागली. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग निफाड-दिंडोरीच्या जुन्या द्राक्षबागाईतदारांच्या तोंडी आजही ऐकू येतो. दुसरीकडे महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे तिचे उत्पादनच हाती घेतले, आणि त्याच घराण्याच्या नाशिकच्या कारखान्यातून १९९६ साली फोर्ड एस्कॉर्ट आणि २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली. त्यामुळे या शहरात जीप जाणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. ओझरच्या विमान कारखान्याभोवती वाढलेल्या यंत्रशाळांनी त्यांना जोड दिली. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्हचे काम, न मिळणारी एखादी बुश लेथवर कातून देणे, हे सारे येथे होते.

महायुद्धाच्या काळात विलीज कंपनीने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार जीपा बनवल्या. दिसायला दोन्ही एक. पण पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली हात घातला की फरक हाताला लागतो. सांगाड्याचे दोन बाजूंचे दांडे जोडणारा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीज, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या जीपच्या बारीकसारीक भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. ग्रीस पुसून असे दहा-बारा बोल्ट सापडले तर गाडी बऱ्याच अंशी मूळ आहे असे समजावे. फोर्डचा क्रमांक डाव्या दांड्याच्या माथ्यावर ठोकलेला असतो, विलीजचा त्याच दांड्याच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या पट्टीवर. आणि पट्टी तर कोणीही नवी बनवून लावू शकतो. युद्धकाळातल्या जीपच्या तोंडाला नऊ उभ्या फटी, मागे उघडणारे फळकूट नाही, पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली आणि तिचे तोंडही तिथेच, सुकाणू डाव्या हाताला. युद्धोत्तर मुलकी जीपला सात फटी आणि मागे फळकूट. महिंद्राने दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-३बी चे बॉनेट उंच, कारण तिच्या नव्या इंजिनाची उंचीच जास्त होती.

फसवणूक होते ती नेमकी येथे. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीपची नवी बॉडी हवी तशी ठोकून मिळते, आणि सीजे-३बी च्या चासीवर बुटक्या बॉनेटची, नऊ फटींची बॉडी चढवून, हिरवा रंग आणि पांढरा तारा काढून, ती ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून विकली जाते. असे वाहन वापरायला वाईट असते असे नाही. पण त्याला युद्धकाळातल्या जीपची किंमत देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. गिऱ्हाइकाने लोहचुंबक सोबत न्यावे, दाराच्या कडा आणि पायाखालचा पत्रा तपासावा; चुंबक धरत नसेल तेथे पुट्टी भरलेली आहे. आणि सर्वांत आधी चासीवरचा क्रमांक खडूने किंवा कागदावर पेन्सिल घासून उतरवून घ्यावा, रंगाच्या नव्या थराला भुलू नये.

मग दफ्तराची पाळी. आमच्या जिल्ह्यातला शेतकरी जमीन घेताना आधी सातबारा आणि फेरफार पाहतो, मगच बांधावर पाऊल टाकतो. जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तकही त्याच सावधपणे वाचले पाहिजे. त्यावरचा चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्षाशी जुळतो का, इंधन म्हणून ‘पेट्रोल’ लिहिले आहे आणि बॉनेटखाली डिझेल आहे असे तर नाही ना, कोणा बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा चढवलेला आणि उतरवायचा राहिलेला आहे का, मूळ मालक हयात आहे का, हे प्रश्न तेथे सुटतात. मालक मयत असेल तर नमुना ३१ वर वारसाच्या नावे आधी हस्तांतर करून घ्यावे लागते, आणि वारस चार असतील तर चौघांची संमती हवी. कित्येक जुन्या गाड्यांच्या नोंदी परिवहन कार्यालयाच्या हस्तलिखित रजिस्टरांतच राहून गेल्या, संगणकावर चढल्याच नाहीत. त्यांची ‘बॅकलॉग’ नोंद करवून घेण्यासाठी पेठ रोडवरच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात, आणि ते काम विक्रेत्याने सौद्याआधी करून द्यावे, अशी अट घालणे सर्वथा योग्य आहे. लष्करी लिलावातली गाडी असेल तर विक्रीचा मूळ आदेश आणि पैसे भरल्याची पावती यांच्याशिवाय तिला नोंदणीच मिळत नाही.

इंजिन किंवा बॉडी बदलण्याकडे कायदा आज पूर्वीपेक्षा कठोरपणे पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरबदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. पंधरा वर्षांवरील चारचाकीच्या नोंदणीनूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आयात गाडीसाठी ते ४०,००० झाले, आणि वर राज्याचा पर्यावरण कर आहेच. या ओझ्याखाली जुने मालक गाड्या भंगारात देऊ लागतील ही भीती खरी होती. म्हणून १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी काढलेले नियम मला स्वागतार्ह वाटतात. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत भारी फेरफार न झालेली गाडी या वर्गात येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे, फेरनोंदणीचे ५,०००. क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; पूर्वीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक कायम ठेवण्याची मुभा आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. डिझेल चढवलेली डॉज या वर्गाबाहेरच राहील हे उघड आहे. ज्याच्या शेडमध्ये मूळ इंजिन अजून पडून आहे, त्याने ते काही झाले तरी विकू नये, आणि विकत घेणाऱ्याने गाडीबरोबर तेही मागून घ्यावे.

सौदा ठरला म्हणजे इसार देण्याची आपली रीत आहे. त्या इसाराच्या पावतीवर केवळ रक्कम न लिहिता गाडीचा, चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक लिहावा, सोबत दिल्या जाणाऱ्या सुट्या भागांची यादी जोडावी आणि कागदपत्रांत दोष निघाल्यास इसार परत करण्याची कबुली घ्यावी. पूर्ण रक्कम देण्याच्या दिवशी नमुना २९ आणि ३० वर दोन्ही पक्षांच्या सह्या व्हाव्यात. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नमुना २८ वरचा ना-हरकत दाखलाही लागतो. विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि हे काम त्याने घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आहे की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या नुकसानभरपाईचे उत्तरदायित्व त्याचेच. म्हणून ताबा देताना पावतीवर दिनांकाबरोबर घड्याळातली वेळही लिहावी, त्याखाली घेणाऱ्याची सही घ्यावी, आणि त्या पावतीची एक प्रत नाव बदलून येईपर्यंत विकणाऱ्याने स्वतःपाशी ठेवावी.